ग्लुकोज संपल्यावर ई. कोलाय थांबतो, माझं समीकरण थांबत नाही

विरजण
शुक्रवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. बारावीनंतर गणिताशी संबंध सुटला, त्यामुळे कुठे मुळातच चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

टी.वाय.ला दरवर्षी लॅक ओपेरॉन (जिवाणूची लॅक्टोज पचवायची जनुकं आणि ती चालू-बंद करणारी यंत्रणा) शिकवते. त्याआधी झाक मोनो यांची हकिगत सांगते. १९४० सालचा डिसेंबर, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात, आणि हा माणूस दोन साखरांच्या मिश्रणात जिवाणू वाढवून आलेख काढतोय. आलेख एकदा चढतो, मध्येच आडवा होतो, पुन्हा चढतो. तो आलेख घेऊन ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्याकडे गेले. ल्वॉफ म्हणाले, याचा एन्झाइम-अनुकूलनाशी, म्हणजे समोर आलेल्या अन्नाप्रमाणे पेशीने एन्झाइम बनवण्याशी, काही संबंध असेल. मोनोंनी तो शब्दसुद्धा तोवर ऐकला नव्हता. १९४१ च्या प्रबंधात या दुहेरी वाढीला त्यांनी 'डायॉक्सी' हे नाव दिलं, आणि तिथून निघालेली वाट १९६५ च्या नोबेलपर्यंत गेली.

यंदा हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आधी काय खायचं हे कसं ठरतं ते कळलं. पण मध्ये किती वेळ थांबायचं हे कशावरून ठरतं?" रिप्रेसर, सायक्लिक एएमपी, ही जनुकं बंद-चालू करणारं सगळं माहीत असून मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न डोक्यातून जाईना.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ई. कोलाय घेऊन प्रयोग लावला. एम-९ मिनिमल मीडियम, लिटरला अर्धा ग्रॅम ग्लुकोज आणि दोन ग्रॅम लॅक्टोज, ३७ अंश, शेकर. स्पेक्ट्रोफोटोमीटर बिघडलेला आहे, तेव्हा कलरीमीटरवर ६२० चा फिल्टर लावून दर दहा मिनिटांनी ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे जिवाणू किती वाढले त्याचं माप) घेतली. पहाटे पाचला सुरू केलं, दुपारी अडीचला उठले. ग्लुकोजवर दुपटीचा काळ ५० मिनिटं आला, लॅक्टोजवर ७० मिनिटं. मधला सपाट तुकडा साधारण ८५ मिनिटांचा. पुस्तकातला आलेख स्वतःच्या हाताने कागदावर उमटला तेव्हा फार बरं वाटलं.

मग एक्सेलमध्ये मॉडेल करायला घेतलं. मोनोंचंच वाढीचं समीकरण (साखर जास्त तसा वाढीचा वेग जास्त, एका मर्यादेपर्यंत) दोनदा लिहिलं, ग्लुकोजसाठी एक, लॅक्टोजसाठी एक, आणि बेरीज केली. मॉडेलमधला जिवाणू दोन्ही साखरा पहिल्या मिनिटापासून एकत्र खातो. दुपटीचा काळ येतो २९ मिनिटं. माझ्या फ्लास्कमध्ये तो ५० च्या खाली कधीच आला नाही. आणि सपाट तुकडा तर नाहीच.

प्रश्न असा: ही 'निवड' समीकरणात घालायची कुठे? आणि घातली तर ते ८५ मिनिटांचं थांबणं त्यातून आपोआप निघेल, की तेही मीच हाताने बसवायचं?


संख्यारेषा
शुक्रवार, रात्री ११.५२

बेरीज हीच चूक. दोन पदांची बेरीज म्हणजे पेशीला दोन स्वतंत्र तोंडं आहेत आणि दोन्हींसाठी लागणारी यंत्रणा फुकट मिळते असं गृहीत धरणं.

सगळ्यात सोपा उपाय: लॅक्टोजच्या पदाला १ ÷ (१ + ग ÷ क) ने गुणा. ग म्हणजे त्या क्षणीचं ग्लुकोज, क हा छोटासा स्थिरांक, लिटरला दहा-वीस मिलिग्रॅम धरा. ग्लुकोज भरपूर असेल तेव्हा हा गुणक शून्याच्या जवळ, संपत आलं की एकच्या जवळ. एका ओळीचा बदल आहे.


विरजण
शनिवार, सकाळी ६.३०

केलं. दोन्ही साखरा आता एकामागून एक संपतात, त्याबद्दल आभार. पण आलेखाला नुसता कोपरा येतो. ५० मिनिटांचा उतार सरळ ७० मिनिटांच्या उताराला जाऊन मिळतो. सपाट तुकडा नाही.


जुना_फर्मेंटर
शनिवार, सकाळी ९.१५

विरजणताई, सपाट तुकडा येणारच नाही, कारण तुमच्या मॉडेलमधल्या पेशीला भूतकाळ नाही. गुणक वापरला की ग्लुकोज संपल्याच्या त्याच क्षणी लॅक्टोजचं दार सताड उघडतं. खऱ्या पेशीला त्या क्षणी दार बांधायला घ्यावं लागतं. तेव्हा एन्झाइम हे स्वतंत्र चल म्हणून समीकरणात आलं पाहिजे. साखर किती आहे हे फ्लास्ककडे बघून कळतं. एन्झाइम किती आहे हे पेशी काल कुठे होती त्यावर अवलंबून.

मी पिंपरी पट्ट्यात पेनिसिलिनच्या फर्मेंटरवर बावीस वर्षं काढली. तिथे हा विषय पोटापाण्याचा होता. बुरशीला ग्लुकोज भरपूर मिळालं की ती नुसती वाढते, पेनिसिलिन करायचं नाव घेत नाही. म्हणून पूर्वी टाकीत लॅक्टोज घालायचे, कारण ते ती सावकाश खाते. पुढे ग्लुकोजच थेंबाथेंबाने सोडायची पद्धत आली. रात्रपाळीला त्या फीडच्या पंपावर डोळे लावून बसलोय. पंप जरा जोरात सुटला की चार तासांनी टायटर, म्हणजे पेनिसिलिनचं प्रमाण, सांगायचं काय झालं ते.

तुमच्या 'निवडी'साठी एक सुंदर मांडणी आहे. माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेतून शिकून अमेरिकेत गेलेले प्रा. दोराईस्वामी रामकृष्ण, पर्ड्यू विद्यापीठातले. त्यांनी कोंपाला आणि त्साओ यांच्यासोबत १९८४ च्या सुमारास 'सायबरनेटिक मॉडेल' मांडलं. त्यांचं म्हणणं असं: आतली रिप्रेसर-प्रमोटरची सगळी यंत्रणा आपल्याला माहीत नसेना का. पेशी जणू आपली मर्यादित साधनसामग्री जिथे जास्त परतावा तिथे लावते, असं धरून चला.

दोन गुणक लागतात. पहिला, नवं एन्झाइम बनवायची ताकद कशी वाटायची: लॅक्टोजचा वाटा = लॅक्टोजवरचा वेग ÷ दोन्ही वेगांची बेरीज. दुसरा, असलेलं एन्झाइम किती चालवायचं: लॅक्टोजवरचा वेग ÷ दोन्हींतला मोठा वेग. ग्लुकोजसाठीही हेच. यातला 'वेग' साखर आणि एन्झाइम या दोन्हींवर अवलंबून असतो हे ध्यानात ठेवा. त्यामुळे जो पुढे आहे त्याला जास्त वाटा, जास्त वाटा म्हणून जास्त एन्झाइम, म्हणून आणखी पुढे. सुरुवातीला थोडाच फरक असला तरी पाच-सहा पिढ्यांत एक बाजू पार हटते. क्लेबसिएला ऑक्सिटोका या जिवाणूवर त्यांनी हे प्रयोगाने तपासलं, तेव्हा इनॉक्युलम (सुरुवातीला विरजणासारखे घालायचे जिवाणू) आधी कशावर वाढवलं होतं याचा परिणामही मॉडेलने पकडला. माझ्या मते या कामाचं खरं मोल तिथे आहे.

पण तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला एवढा पसाराही नको. कागद-पेन्सिल घ्या. ग्लुकोज संपलं त्या क्षणापासून घड्याळ सुरू. लॅक्टोज भरपूर आहे. ए म्हणजे लॅक्टोजच्या एन्झाइमचं प्रमाण, शून्य ते एक; एक म्हणजे लॅक्टोजवर पूर्ण वेगाने वाढणाऱ्या पेशीत असतं तेवढं. म म्हणजे तो पूर्ण वेग. तर त्या क्षणीचा वाढीचा वेग = म × ए.

आता ए कसा बदलतो? तयार होतो आणि पेशी वाढते तसा पातळ होतो. बीटा-गॅलॅक्टोसायडेज, म्हणजे लॅक्टोज तोडणारं हे एन्झाइम, टिकाऊ आहे, मोडत नाही, फक्त वाटला जातो. पातळ व्हायचा वेग = वाढीचा वेग × ए, म्हणजे म × ए × ए. तयार व्हायचा वेग? इथे दोन टोकं धरता येतात.

पहिलं टोक: पेशीच्या पोटात शिल्लक आहे, प्रोटीन बनवणारे राइबोसोम तयार आहेत, ती पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकदीने एन्झाइम बनवते. तयार व्हायचा वेग = म. म्हणजे ए च्या बदलाचा वेग = म × (१ − ए²). हे हाताने सुटतं, हायपरबोलिक टॅन्जंट येतो. शेवटचं उत्तर एका ओळीत मावतं:

उशीर = दुपटीचा काळ × लॉग२ [ २ ÷ (१ + ए०) ]

ए० म्हणजे ग्लुकोज संपताना हाताशी असलेलं एन्झाइम. ते शून्य असेल तर उशीर बरोब्बर एका दुपटीइतका. तुमच्याकडे ७० मिनिटं. त्याहून जास्त या टोकाला होऊच शकत नाही.

दुसरं टोक: पोटात काहीच शिल्लक नाही. एन्झाइम बनवायला लागणारी ऊर्जाही लॅक्टोजमधूनच यायची, आणि लॅक्टोज खायला एन्झाइम हवं. तयार व्हायचा वेग = म × ए. तेव्हा

उशीर = दुपटीचा काळ × लॉग२ [ १ ÷ ए० ]

ए० जर शंभरात एक असेल तर उशीर साडेसहा दुपटी. तुमच्या फ्लास्कमध्ये साडेसात तासांच्या वर. तसं काही दिसलं नाही, म्हणजे तुमची पेशी पहिल्या टोकाच्या बरीच जवळ आहे. पण ८५ हे ७० पेक्षा जास्त आहे, ते मला खटकतंय.

यावर प्रयोग सुचवतो. इनॉक्युलम लॅक्टोजवर वाढवा, म्हणजे ए एक. मग ग्लुकोजवर ठरावीक पिढ्या जाऊ द्या. दर पिढीला एन्झाइम अर्धं: एक पिढी गेली की अर्धा, दोन गेल्या की पाव, चार गेल्या की सोळावा हिस्सा. पहिल्या सूत्राने उशीर येईल २९, ४७ आणि ६४ मिनिटं. दुसऱ्या सूत्राने ७०, १४० आणि २८०. एक आलेख वाकून सपाट होतो, दुसरा सरळ रेषेत चढत जातो. कलरीमीटरवरसुद्धा हा फरक लपणार नाही.

ग्लुकोज किती घालायचं त्याचा हिशेब: ओडी १ म्हणजे लिटरला अंदाजे ०.४ ग्रॅम कोरडं वजन, आणि ग्रॅमभर ग्लुकोजमागे ०.४५ ग्रॅम पेशी धरा. ओडी ०.०५ ला सुरू करून एक पिढी हवी तर लिटरला ४४ मिलिग्रॅम, दोन पिढ्यांना १३३, चार पिढ्यांना ६६७. तुमच्या कलरीमीटरचं ओडी-वजनाचं नातं वेगळं असेल, तेवढं जुळवून घ्या.


संख्यारेषा
शनिवार, सकाळी १०.४०

पहिलं सूत्र सोडवून पाहिलं, बरोबर आहे. दुपटींत मोजली तर ती कमाल मर्यादा म च्या किमतीवर अवलंबूनच नाही, हे मला अनपेक्षित होतं. माझा कालचा गुणक म्हणजे या सूत्रात ए० नेहमी १ धरण्यासारखं झालं.


पेट्री
शनिवार, दुपारी ३.२०

मी जर्मनीत पोस्टडॉक करतेय, जिवाणूंच्या एकेकट्या पेशींवर मायक्रोस्कोपखाली काम. काका, सूत्रं फार आवडली, पण प्रयोगात एक खोच आहे. ताईंनी लावायच्या आधी सांगते.

ग्लुकोज आणि लॅक्टोज सुरुवातीपासून एकत्र घालू नका. ग्लुकोज आत येत असताना पेशी लॅक्टोजच्या पर्मिएजला (लॅक्टोज आत आणणाऱ्या प्रोटीनला) कुलूप लावते: ग्लुकोज वाहून आणणाऱ्या साखळीतलं एक प्रोटीन पर्मिएजला जाऊन चिकटतं. याला इंड्युसर एक्सक्लूजन म्हणतात. ग्लुकोज-लॅक्टोजच्या डायॉक्सीत मुख्य काम या कुलपाचं असतं. सायक्लिक एएमपी कमी झाल्यामुळे सगळं होतं असं पुस्तकं अजून लिहितात, पण जपानमधल्या एका गटाने १९९६ मध्येच दाखवलं की या जोडीत कुलूप काढलं की डायॉक्सी राहत नाही. पण ज्या पेशी लॅक्टोजवर वाढून आल्या आहेत त्यांच्यात पर्मिएज इतकं असतं की सगळ्यांना पुरतील एवढी कुलपं नसतात. थोडं लॅक्टोज आत येतच राहतं, एन्झाइम बनत राहतं, आणि 'दर पिढीला अर्धं' हे गृहीतक कोसळतं.

म्हणून: इनॉक्युलम लॅक्टोजवर वाढवा, सलाइनने दोनदा धुवा, फक्त ग्लुकोजमध्ये सोडा. ग्लुकोज संपत आलं की लॅक्टोज पिपेटने वरून घाला.

ग्लुकोज संपत आलं हे कळायला साखर मोजायची डीएनएस चाचणी वापरू नका. ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही रिड्युसिंग, धुताना थोडं लॅक्टोज राहिलं असेल तर त्यालाही तोच नारिंगी रंग येतो. पॅथॉलॉजी लॅबवाले रक्तातली साखर बघायला जीओडी-पीओडी किट वापरतात ना, ते आणा. ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त ग्लुकोज ओळखतं.

आणि ८५ मिनिटांबद्दल. सूत्रात सगळ्या पेशी सारख्या आहेत. प्रत्यक्षात नसतात. नोविक आणि वायनर यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की इंड्युसर (लॅक्टोजची जनुकं चालू करणारं रसायन) कमी असताना काही पेशी पूर्ण चालू असतात आणि काही पूर्ण बंद, मधली अवस्था जवळजवळ नसते. माझ्या पडद्यावर मी हे रोज बघते. ग्लुकोज संपतं, सगळ्या पेशी स्तब्ध. मग एक लांबायला लागते, तिच्या शेजारची तशीच पडून. वीस मिनिटांनी ती शेजारचीही हलते. एखादी तासन् तास हलतच नाही. लॅक्टोकॉकस नावाच्या दुसऱ्या जिवाणूत तर लोकांसमोर असं आलंय की एक भाग दुसऱ्या साखरेवर वाढतच नाही.

ओडीला हे दिसत नाही, ती फक्त बेरीज बघते. पण हिशेब सोपा आहे. समजा फ हा हिस्सा सुरू झाला आणि बाकीचे सुरूच झाले नाहीत. तर उशिरात दुपटीचा काळ × लॉग२ (१ ÷ फ) एवढी भर पडते. तुमची भर १५ मिनिटांची, दुपटीचा काळ ७०. त्यावरून फ येतो ०.८६. म्हणजे शंभरातल्या चौदा पेशी मागे राहिल्या तरी ७० चे ८५ होतात. याने सिद्ध काही होत नाही, पण ८५ हा आकडा अशक्य नाही एवढं नक्की.


जुना_फर्मेंटर
शनिवार, सायंकाळी ५.०५

पेट्री, कुलपांची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. ताई, तिची पद्धत वापरा, माझी सोडा.


पवईकर
रविवार, सकाळी ८.५०

मुख्य प्रश्नाला धरून नाही, तरी 'आधी ग्लुकोज' हा निसर्गनियम आहे असं कोणी वाचून जाऊ नये म्हणून लिहितो. आयआयटी मुंबईत प्रा. प्रशांत फळे यांच्या गटाने स्यूडोमोनास या जिवाणूचा सीएसव्ही-८६ नावाचा एक वाण अभ्यासलाय. त्याला ग्लुकोज आणि नॅफ्थलीन एकत्र दिलं तर तो आधी नॅफ्थलीन खातो. तेच, डांबराच्या गोळ्यांमधलं. बेन्झाइल अल्कोहोलच्या बाबतीतही तसंच. २००६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

काकांच्या सायबरनेटिक गुणकांत हे आपोआप बसतं का? ज्याच्यावर वेग जास्त तो जिंकतो असं त्यांचं गृहीतक आहे.


जुना_फर्मेंटर
रविवार, सकाळी १०.३०

नॅफ्थलीनवरचा वेग त्या वाणात ग्लुकोजपेक्षा जास्त असेल तर बसेल, नसेल तर नाही बसणार. 'जणू हिशेबाने वाटतो' हे मॉडेल करणाऱ्याचं गृहीतक आहे, जिवाणूने सही करून दिलेलं नाही. जिथे ते आकडा चुकवतं तिथे आत शिरून यंत्रणा बघायची. आणि साखरा अगदी थेंबाने मिळत असतील, केमोस्टॅटमध्ये (सतत थोडं थोडं अन्न सोडत ठेवलेल्या टाकीत) सावकाश, तर ई. कोलायसुद्धा चार-पाच साखरा एकत्र खातो. निवड करायची वेळ सुबत्तेतच येते. आमच्या फीडच्या पंपाचं सगळं शास्त्र एवढंच होतं.


विरजण
पुढचा रविवार, रात्री ९.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर कॉलेज सुटल्यावर आणि काल-आज दिवसभर हेच केलं. प्रश्न विचारणारी मुलगी आणि तिची मैत्रीण दोघी मदतीला होत्या. एक ओडी घ्यायची, दुसरी वेळ सांगायची आणि लिहायची.

जीओडी-पीओडी किट गावातल्या पॅथॉलॉजी लॅबवाल्या दादांनी अर्धं वापरलेलं दिलं. पहिल्या दिवशी लॅक्टोज घालायला आम्हाला उशीर झाला, ग्लुकोज संपून गेलं होतं. तो फ्लास्क फेकला. नंतर युक्ती सापडली. दर पाच मिनिटांनी थेंबभर कल्चर अभिकर्मकात टाकायचं, आणि गुलाबी रंग फिकट होत नुसती झाक उरली की लॅक्टोज. त्या झाकेवर मुलींची नजर इतकी बसली की तिसऱ्या फ्लास्कपासून मी बघणं सोडून दिलं.

आकडे असे. लॅक्टोजवर दुपटीचा काळ पुन्हा ७० च्या आसपास. ग्लुकोजवर एक पिढी काढलेल्या फ्लास्कमध्ये उशीर जेमतेम दहा मिनिटं, म्हणजे आमच्या दोन वाचनांमधलं अंतर. दिसला म्हणायलाही जीव धजावत नाही. दोन पिढ्या: ४० मिनिटं. चार पिढ्या: ६५. आणि ज्यांनी लॅक्टोज कधी पाहिलंच नव्हतं त्या: पुन्हा ८५. प्रत्येक फ्लास्क दोनदा केला, पाच-सात मिनिटांचा फरक पडला.

काकांचं पहिलं सूत्र २९, ४७, ६४ सांगत होतं, दुसरं ७०, १४०, २८०. आलेख वाकला, सरळ चढला नाही. फळ्यावर दोन्ही रेषा आधी काढून ठेवल्या होत्या आणि मुलींनी आपले ठिपके खडूने मांडले. चार पिढ्यांचा ठिपका खालच्या रेषेवर पडला तेव्हा ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे ते थांबलेले नाहीत, बनवत बसलेत." मी इतकी वर्षं त्या सपाट तुकड्याला 'विश्रांतीचा काळ' म्हणत आले. उद्यापासून तो शब्द वर्गात वापरणार नाही.

दोन गोष्टी मात्र सूत्रात बसत नाहीत. एक पिढीला २९ हवे होते, दहाच आले. आणि ८५ अजून ७० च्या वरच आहे.


पेट्री
रविवार, रात्री १०.१५

ताई, कलरीमीटरवर हे काढलंत! पहिल्या गोष्टीचं कारण मला वाटतं ते असं: लॅक्टोजवर वाढणाऱ्या पेशीत एन्झाइम गरजेपुरतंच असतं असं सूत्र धरतं. प्रत्यक्षात थोडं जास्तीचं असू शकतं, मग अर्धं झालं तरी वेग अर्धा होत नाही. हे तपासता येईल. ओएनपीजी (बीटा-गॅलॅक्टोसायडेजने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) आहे का तुमच्याकडे? प्रत्येक फ्लास्कमधून लॅक्टोज घालायच्या क्षणी एक मिली बाजूला काढा, टोल्यूइनचा थेंब टाकून हलवा, ओएनपीजी घाला, पिवळा रंग आला की सोडियम कार्बोनेटने थांबवा, ४२० च्या फिल्टरवर वाचा. म्हणजे ए० गृहीत धरावा लागणार नाही, मोजलेला मिळेल. 'दर पिढीला अर्धं' हेही त्यातच तपासून होईल.


जुना_फर्मेंटर
रविवार, रात्री १०.४०

मोजलेला ए० मिळाला की वाढीचा वेग म × ए न धरता म × ए × (१ + ब) ÷ (ए + ब) असा धरून बघा. ब लहान असेल तर अर्ध्या एन्झाइमलाही वेग जवळपास पूर्ण राहतो. हे हाताने सुटणार नाही, एक्सेलमध्ये एकेक मिनिटाच्या पायरीने सोडवा. आणि एकच ब तिन्ही ठिपक्यांना लागू पडायला हवा. प्रत्येक ठिपक्याला वेगळा ब लागला तर ते मॉडेल टाकून द्या.


विरजण
रविवार, रात्री ११.०५

ओएनपीजीची छोटी बाटली फ्रीजमध्ये आहे, मागच्या वर्षीच्या प्रॅक्टिकलची. पांढरीच आहे, पिवळी पडलेली नाही. कलरीमीटरच्या डब्यात ४२० चा फिल्टरही आहे, फक्त काचेला डाग आहे. उद्या स्पिरिटने पुसून ब्लँक लावून बघते. मुली शनिवारी सकाळी सातला येणार आहेत. लॅक्टोजचं इनॉक्युलम शुक्रवारी रात्री लावून ठेवते.